आसेगावकरांसाठी घारापुरी: नवशिक्यांचे धडे

वाशीम जिल्ह्यात समुद्र नाही. 1998 मध्ये जिल्हा अकोल्यातून वेगळा निघाला, तेव्हा वाटणीत कोणी मागितलाही नव्हता. म्हणून आसेगावच्या माणसाला बेटावर राहायची हौस आली, तर त्याने अकोल्याहून रात्रीची गाडी धरावी, मुंबईत उतरावे आणि गेटवेवरून घारापुरीची लाँच पकडावी. तासाभराचा रस्ता आहे. सोमवारी जाऊ नये, लेणी बंद असतात.

लाइफजॅकेट फोटोपुरते घालून काढू नये. 18 डिसेंबर 2024 ला याच वाटेवर नीलकमल बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, माणसे गेली. एवढा धडा गंमत सोडून वाचावा.

धक्क्यावर छोटी आगगाडी दिसेल. शेतात पाणी द्यायला रोज जेवढे चालता त्याहून ते अंतर कमीच, तरी बसा, हौसेला मोल नाही. पुढे शंभरावर पायऱ्या, वर ताडपत्री, दोन्ही अंगांनी माळा आणि मूर्तींची दुकाने. हातात कणीस ठेवू नये. तिथले माकड आधी पिशवी बघते, मग माणूस. बाटलीचे बूच फिरवून काढते आणि उरलेले पाणी तुमच्याच देखत ओतून देते.

त्रिमूर्ती जरूर बघा, वीसेक फूट उंच आहे. पण आपण आलोय गाव बघायला. राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर अशा तीन वाड्या. मुंबई डोळ्यांसमोर, पण तालुका उरण आणि जिल्हा रायगड. म्हणजे एखाद्या दाखल्यासाठी निघायचे तर आधी होडी कधी आहे ते विचारायचे, साहेब जागेवर आहे का हे नंतर.

विजेबद्दल तिथे उगाच हळहळू नये. पूर्वी समोर रात्रभर मुंबई लखलखत असताना या वाड्यांना संध्याकाळचे काही तास जनरेटर असे, बाकी कंदील. फेब्रुवारी 2018 मध्ये समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकली तेव्हा घरोघरी दिवा लागला. रात्रीच्या लाइनीसाठी मोटरपाशी जागलेल्या वऱ्हाडी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

आता मुक्कामाचा धडा: मुक्काम करता येत नाही. पर्यटकाने संध्याकाळी परतायचेच. आपल्याकडे मुक्कामी एसटी गावात येऊन झोपते, इथे शेवटची लाँच पाहुण्यांना घेऊन जाते आणि मग गाव आपले आपल्याला मिळते. दुकानांवर कापड पडते, माणसे मोकळ्या आवाजात बोलू लागतात. हे तुम्हाला दिसणार नाही. लाँचच्या मागच्या बाकावर बसलात तर थोडेसे दिसेल.

गावी परतल्यावर एकच प्रश्न येईल, ‘काहो, हत्ती पाहिला का?’ पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून बेटाला एलिफंटा म्हटले तो दगडी हत्ती बेटावर नाही. 1864 मध्ये इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले आणि उचलतानाच त्याचे तुकडे झाले. पुढे जोडून उभा केला तो राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाशी. परतीच्या गाडीला वेळ असेल तर भायखळ्याला उतरा.