कूळ, मूळ आणि बूड

समोरचा कोणाचा कोण आणि केवढ्या वयाचा, हे कळल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. पाहायच्या कार्यक्रमात ‘मूळचे कुठले?’ विचारून झाल्याशिवाय पोह्यांची बशी पुढे सरकत नाही. जुन्या कार्निव्हल काचेचे शौकीन याच पंथातले; फक्त ते पाहुण्याला आधी उलटा करतात.

या काचेची गोष्ट अशी: काचकलावंत टिफनींनी १८९४ साली न्यूयॉर्कमध्ये ‘फाव्रिल’ या झळाळत्या काचेचे पेटंट घेतले आणि ती श्रीमंतांच्या दिवाणखान्यात जाऊन बसली. १९०७ च्या सुमारास वेस्ट व्हर्जिनियातल्या फेंटन कारखान्याने साच्यात दाबलेल्या काचेवर, ती गरम असतानाच, धातूंच्या क्षारांचा फवारा मारला. हीच पुढे कार्निव्हल काच म्हणून ओळखली गेली; तसाच थाट मग बेताच्या कमाईच्या घरांतही आला.

कूळ शोधायचे तर या थाटाला भुलायचे नाही. बूड उजेडासमोर धरायचे आणि मूळ काचेचा रंग पाहायचा. वरून निळी-हिरवी मिरवणारी बशी आतून जांभळी निघते, आणि जाणकार तिला जांभळीच म्हणतात. मग खुणा. नॉर्थवूड या दुसऱ्या कारखान्याच्या पुष्कळ वस्तूंच्या बुडाशी वर्तुळात अधोरेखित ‘एन’ सापडतो. फेंटनच्या जुन्या काचेवर मात्र साच्यातून उमटवलेले नाव नसतेच. १९७० पासून त्यांनी ही काच पुन्हा काढली, तेव्हा लंबगोलात स्वतःचे नाव घातले. म्हणजे फेंटनच्या घराण्यात नाव सांगणारे ते धाकटे आणि गप्प बसणारे ते वडीलधारे. आपल्याकडच्या लग्नकार्यात नेमके उलटे असते.

आपल्या देशाचीही या कुळात सोयरीक आहे. फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सने अशाच झळाळीच्या फुलदाण्या केल्या: कुठे मासा, कुठे हत्ती, कुठे चक्क माणसाचा हात. काहींवर ‘जैन’ हे नाव इंग्रजी अक्षरांत उमटवलेले असते. बांगड्यांच्या गावची ही फुलदाणी आज परदेशी संग्राहकांच्या कपाटात मानाने उभी असते.

पण कूळ कळले की किंमत चढते, आणि किंमत चढली की कपाटाला कुलूप लागते. एके काळी डझनावारी विकल्या गेलेल्या बशीला मग कुणी हात लावू देत नाही. वंशावळ न सापडलेली बशी त्या मानाने सुखी. तिच्यात अजून चिवडा खाता येतो.