ज्याचं तिकीट, त्याचं जंगल

पूर्वी मुंबईत पाहुणा आला की कामाची वाटणी ठरलेली असे. झोपायला बोरिवली नाहीतर मुलुंड, बघायला फोर्ट आणि मलबार हिल. सकाळी त्याला फास्ट लोकलमध्ये कोंबायचं, गेटवे, म्हातारीचा बूट, तारापोरवाला मत्स्यालय आणि राणीची बाग उरकायची, आणि रात्री घामेजलेला परत आणून पिठलं-भात वाढायचा. उपनगरात बघण्यासारखं काही असेल, अशी शंका पाहुण्याला येत नसे आणि यजमानाला तर मुळीच नाही. १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा झाला. त्याला वांद्र्यात जिल्हाधिकारी मिळाला, पण प्रेक्षणीय स्थळांचं काही कुणी बोललं नाही.

आता ती उणीव भरून निघाली आहे. आधी आदित्य ठाकरे आणि नंतर मंगलप्रभात लोढा, अशा दोन वेगवेगळ्या सरकारांतल्या मंत्र्यांकडे उपनगराचं पालकत्व आणि पर्यटन खातं ही दोन्ही कामं एकदम आली. पालकांनाच फिरायची हौस असल्यावर पोराचा पाय घरात कसा ठरणार? लेणी, खाडी, कांदळवन, बिबट्या, फ्लेमिंगो असं जे जे इतकी वर्षं नुसतं पडून होतं, ते आता ‘स्थळ’ झालं. आणि स्थळ म्हटलं की आधी प्रश्न येतो तिकिटाचा. तिकीट काढून आला तो पाहुणा. आधीपासून तिथेच असलेला तो अतिक्रमण. उपनगरी पर्यटनाचं सगळं तत्त्वज्ञान या दोन वाक्यांत बसतं. उरलेला अहवाल गुळगुळीत कागदावर छापायचा.

बोरिवलीचं नॅशनल पार्कच घ्या. आधी कृष्णगिरी, मग बोरिवली, मग संजय गांधी अशी नावं बदलत ते सुमारे १०४ चौरस किलोमीटरवर पसरलं आहे. वर्षाला वीस लाखांहून जास्त माणसं तिथे येतात. विहार आणि तुळशी ही इंग्रजांनी अनुक्रमे १८६० आणि १८७९ साली बांधून घेतलेली तळी याच डोंगरांत आहेत, म्हणजे मुंबईकर हे जंगल बघण्याच्या कितीतरी आधीपासून पितो आहे. पण नुसतं पिण्यात मजा नाही. बघितलं पाहिजे, फोटो काढला पाहिजे आणि येताना वेफर्सचं पाकीट तिथे सोडून आलं पाहिजे.

या जंगलातलं सगळ्यात जुनं बांधकाम म्हणजे कान्हेरी. शंभराहून जास्त लेणी, हजारभर वर्षं भिक्खूंची वस्ती. दारात पाण्याच्या पोढ्या, बसायला दगडी बाक, पावसाचं पाणी वळवायला कोरलेले पाट. कल्याण, सोपारा, नाशिकच्या व्यापाऱ्यांनी पैसे दिले आणि आपली नावं भिंतीत कोरून घेतली. आज त्याला आपण प्रायोजक म्हणतो आणि नाव फ्लेक्सवर छापतो. ते पहिल्या पावसात फाटतं, हा फ्लेक्सचा एकमेव गुण.

बघून जाणारेही तेव्हापासूनचे. नव्वद क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत. इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावं आणि तारखा तिथे नोंदवून ठेवल्या आहेत. म्हणजे आपण ज्या सवयीबद्दल कॉलेजच्या पोरांना शिव्या घालतो, तिला हजार वर्षांची परंपरा आहे. भिंतीवर बाण मारलेलं बदाम कोरणाऱ्या प्रियकरालाही माझा एवढाच सल्ला आहे, की धीर धर. दहा शतकं थांबलास तर तुझ्यावरही कुणीतरी प्रबंध लिहील. सध्या मात्र दंड भर.

भिक्खूंची गोष्ट वेगळी. ते आज परत आले आणि आपापल्या लेण्यात चटई पसरून बसले, तर संध्याकाळी शिट्टी वाजवणारा रखवालदार त्यांना सगळ्यात आधी बाहेर काढेल. मुक्कामाची परवानगी दाखवा म्हणेल. कागद कुठून आणणार? दगडात कोरलेला पुरावा सरकारी कामात चालत नाही, त्याची साक्षांकित प्रत लागते.

याच प्रश्नाला या जंगलातले पाडे रोज उत्तर देत आले आहेत. नवापाडा, चुनापाडा, तुमणीपाडा अशा वस्त्यांत वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी कुटुंबं राहतात. ती उद्यानाच्या आधीपासून तिथे आहेत, हाच त्यांचा मुख्य गुन्हा. १९९५ साली ‘बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुप’ने याचिका केली आणि १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने उद्यानातली अतिक्रमणं हटवायचा आदेश दिला. जंगलाच्या कडेला हजारोंनी झोपड्या चढल्या होत्या, त्या थोपवायलाच हव्या होत्या. त्याबद्दल मी वाद घालत नाही. पात्र ठरलेल्यांनी सात हजार रुपये भरायचे आणि चांदिवलीला घर घ्यायचं, असं ठरलं. पण पात्रतेची चाळणी एकदा लावली की तिच्यात कालचा झोपडीवाला आणि पिढ्यांचा वारली एकत्रच पडतात, आणि दोघांनाही विचारलं जातं, ‘कागद आहे का?’

गंमत अशी, की वारली लोक आपल्याला नकोत असं अजिबात नाही. पाहिजेत, पण भिंतीवर पाहिजेत. पांढऱ्या त्रिकोणी अंगाची ती माणसं तारपा वाजवत, फेर धरत आपल्या उड्डाणपुलांच्या खांबांवर नाचतात, हॉटेलच्या लॉबीत नाचतात, पाहुण्यांना भेट द्यायच्या ट्रेवरही नाचतात. भिंतीवरचा वारली म्हणजे राज्याचा सांस्कृतिक वारसा. भिंतीच्या आतला वारली वीज मागतो, नळ मागतो, पोरांना शाळेत जायला रस्ता मागतो. चित्रातला यातलं काही मागत नाही, म्हणून तो सोयीचा.

पाड्यावर छप्पर नीट करायचं तरी वनखात्याची मर्जी लागते, कारण जंगल नाजूक आहे. ते आहेच. त्याच नाजूक जंगलाच्या पोटातून गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे ४.७ किलोमीटरचे जुळे बोगदे आणि शिवाय ठाणे-बोरिवलीचा ११.८ किलोमीटरचा मार्ग जाणार आहे. दोन्ही कामांचा नारळ जुलै २०२४ मध्ये एकाच समारंभात फुटला. छपरावरच्या कौलाने जंगल हादरतं, बोगद्याने त्याला गुदगुल्याही होत नाहीत. मुलुंडकरांना आता बोरिवलीकडे यायला घोडबंदरचा वनवास भोगावा लागणार नाही, ही आनंदाची बातमी आहे. बिबट्यांनाही कळवायला हवी.

बिबट्यांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. या उद्यानात सिंह आणि वाघ यांचं पोट सफारीच्या तिकिटावर चालतं, त्यामुळे त्यांच्याबद्दल कुणाची तक्रार नाही. २०२२ साली जुनागढहून सिंहाची जोडी आली आणि बदल्यात आपली वाघाची जोडी तिकडे गेली. महाराष्ट्रातून गुजरातला काय काय गेलं याची यादी करायची ज्यांना सवय आहे, त्यांनी नोंद घ्यावी, की हा एक व्यवहार तरी रोख आणि बरोबरीचा झाला. बिबट्याचं तसं नाही. २०१५ साली झालेल्या अभ्यासात उद्यान आणि आरे परिसरात मिळून ३५ बिबटे मोजले गेले. ते पिंजऱ्यात बसत नाहीत, वेळापत्रक पाळत नाहीत, आणि भटकी कुत्री खाऊन महापालिकेचं काम फुकटात करतात. फुकट काम करणाऱ्याची किंमत कुणाला असते?

जंगलाच्या कडेला टॉवर उठले आहेत. जाहिरातीत गॅलरी, गॅलरीसमोर हिरवा डोंगर आणि कॉफीचा कप. ‘निसर्गाच्या कुशीत’ म्हणून जास्तीचे पैसे मोजून तिथे घर घेतलं जातं आणि महिन्याभरात निसर्ग सीसीटीव्हीत दिसतो. मग सोसायटीची तातडीची सभा, वनखात्याला पत्र, ‘पिंजरा लावा’ हा ठराव एकमताने मंजूर. निसर्गाने कुशीतच राहावं, पार्किंगमध्ये येऊ नये. पाड्यावरच्या वारल्यांनी वाघोबाला देव मानून शेंदूर लावला आणि रात्री अंगणात दिवा ठेवून पोरांना आत घेतलं. हा उपाय सोसायटीला सुचला नाही, कारण त्याला सभेची गरज लागत नाही.

तिकीट न काढता येणाऱ्यांत सर्वांत देखणे पाहुणे म्हणजे फ्लेमिंगो. कच्छकडून दरवर्षी ठाणे खाडीत उतरतात. २०१५ साली तिथे अभयारण्य जाहीर झालं, २०२२ साली रामसर स्थळांच्या यादीत नाव गेलं. भांडुपच्या पंपिंग स्टेशनपाशी पहाटे बंदुकीएवढ्या लेन्सा घेऊन माणसं उभी राहतात. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरच्या आकाशात दुबईहून येणारं विमान या पक्ष्यांच्या थव्यात शिरलं. विमान सुखरूप उतरलं, ३९ फ्लेमिंगो पंतनगरच्या आसपास मरून पडले. दोन्ही बाजूंचे प्रवासी मुंबई बघायलाच येत होते, तिकीट एकाच बाजूकडे होतं. आणि भांडुपपासून हाकेच्या अंतरावर, मुलुंडजवळ नाहूरला, परदेशी पक्ष्यांचं उद्यान उभारायचा महापालिकेचा बेत आहे. आपण होऊन येतात त्यांची काळजी घेणं जिकिरीचं असतं. विकत आणून जाळीत ठेवले की तिकीट लावता येतं.

अंधेरीला मात्र नियतीने उलटा न्याय लावला. तिथल्या गिल्बर्ट हिलला कुणी तिकीटही लावत नाही. सुमारे दोनशे फूट उंच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा उभा काळा खांब. असले खडक जगात मोजकेच आहेत. अमेरिकेत वायोमिंगमध्ये असाच ‘डेव्हिल्स टॉवर’ आहे, तो तिथल्या सरकारने १९०६ साली देशातलं पहिलं राष्ट्रीय स्मारक केला. आपल्याकडे १९५२ साली संरक्षण मिळालं, २००७ साली वारसा म्हणून नोंद झाली, आणि दरम्यानच्या काळात चारही बाजूंनी खडक खणून, झोपड्या आणि इमारती बांधून त्याला असा घेरला की भूगर्भशास्त्रज्ञ रिक्षावाल्याला ‘गावदेवी मंदिर’ असं सांगूनच तिथे पोचतात. डायनोसॉर गेले त्या सुमाराचा दगड बघायला कुणी येत नाही, कारण गाडी लावायला जागा नाही.

गोराईला जागा आहे, आणि तेच गोराईचं दुखणं. बोरिवलीहून बोटीने खाडी ओलांडायला काही मिनिटं लागतात. रस्त्याने जायचं तर भाईंदर-उत्तनचा वळसा. एस्सेलवर्ल्डने १९८९ साली बच्चेकंपनीला तिकडे ओढलं, २००९ साली विपश्यना पॅगोडाने मोठ्यांना गप्प बसायला बोलावलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की गोराई, मनोरी, उत्तन हा हजारो एकरांचा पट्टा अजून ‘रिकामा’ आहे. त्यात कोळी, ईस्ट इंडियन ख्रिस्ती, शेतकरी, मिठागरवाले राहतात, पण नकाशावर ते हिरव्या रंगाचे दिसतात. पर्यटनासाठी विशेष आर्थिक क्षेत्र करायचा घाट घातला गेला. धारावी बेट बचाव समितीने (हे धारावी बेट म्हणजे गोराई-उत्तनचं, तुमच्या मनात आली ती झोपडपट्टी नव्हे) रान उठवलं आणि तो बारगळला. पुढे एमएमआरडीएच्या दप्तरातून तोच पाहुणा ‘पर्यटन विकास क्षेत्र’ असं नवं नाव घेऊन परत आला. गावकऱ्यांची मागणी फारशी बदललेली नाही. गावठाणाच्या हद्दी आखून द्या, मासे सुकवायची जागा मोकळी ठेवा आणि रात्री कुणी आजारी पडलं तर दवाखान्यात पोचायची सोय करा. या मागण्यांना ‘सूर्यास्त बिंदू’सारखं आकर्षक नाव नसल्यामुळे त्या आराखड्यात बसत नाहीत.

पर्यटनाने काहीच दिलं नाही, असं म्हणणारा खोटं बोलतो. बोटवाल्याचं घर त्यावर चालतं. मनोरीत ज्यांनी चार खोल्या काढल्या, त्यांची पोरं शिकली. कान्हेरीच्या वाटेवर काकडी, करवंदं, आवळे घेऊन बसलेल्या बाईच्या हातात शनिवार-रविवारी रोख पैसे येतात. फक्त रक्कम कुठे किती जाते ते बघा. पार्किंगचा ठेकेदार गेटाच्या आत असतो आणि करवंदवाली माकडांशी भांडत उन्हात.

राहिले नॅशनल पार्कात पास काढून सकाळी फिरायला येणारे. आमच्या इमारतीतले एक काका त्यांचे अघोषित अध्यक्ष आहेत. त्यांच्या मते जंगलाचा खरा मालक तो, जो रोज पहाटे तिथे हात झटकत चालतो. ‘हे बाहेरचे येतात आणि घाण करतात,’ असं ते हास्यमंडळाच्या मध्यंतरात सांगतात. त्या हास्याने रातव्यांची झोप मोडते, हा भाग वेगळा. काका स्वतः गिरगावची खोली विकून ऐंशीच्या दशकात बोरिवलीला आले. तेव्हा पाड्यावरच्या लोकांनी ‘बाहेरचे आले’ असं म्हटलं असेल, पण ते लिहून घ्यायला कुणी गेलं नाही.

असो. सुट्ट्या येतातच आहेत, तुम्ही जाणारच. सोमवारी जाऊ नका, उद्यान बंद असतं. पाण्याची बाटली परत आणा, माकडांना वेफर्स देऊ नका, आणि कान्हेरीच्या वाटेवर करवंदं घेताना त्या बाईशी पाच रुपयांसाठी घासाघीस करू नका. तिकीटखिडकीवर करत नाही ना?