पाच मिलची जागा

लालबागात 'डिझायनर पाहिजे' म्हटलं की लोक हिंदमाताच्या कापडबाजाराकडे बोट दाखवतात. मला हवा होता सर्किट बोर्डाचा डिझायनर. देखाव्यातले दिवे, आवाज आणि हलत्या मूर्ती चालवायला अख्खा कॉम्प्युटर एका बोर्डावर, तोही मंडळाचा स्वतःचा, असं मी मीटिंगमध्ये बोलून बसलो होतो.

लॅमिंग्टन रोडला (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, पत्ता सांगताना ते नाव कुणी घेत नाही) चार दुकानं फिरलो. पाचव्याने गिरगावातली एक चाळ सांगितली. "लेआउटवाल्या काकांकडे जा. पण जेवून जा."

या जातीचे काका 'नाही' म्हणत नाहीत. प्रश्न विचारतात.

"किती नग?"

"एकच."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि आत हाक मारली, "अगं, चहा टाक. वेळ लागणार आहे."

1980च्या दशकात हे काका पारदर्शक फिल्मवर काळी टेप चिकटवून दुप्पट आकाराची आकृती करत. मग तिचा फोटो काढून निम्मी. टेप दाबायला वाढवलेलं अंगठ्याचं नख अजून तसंच आहे. आता त्याने माउसचं चाक फिरवतात. सॉफ्टवेअर कीकॅड, फुकटातलं. त्याचा अभिमान मात्र विकतच्याहून जास्त.

"सहा थर लागतील," काका म्हणाले.

"आमची पोरं आठ लावतात," मी म्हणालो. काकांना दहीहंडीची चेष्टा रुचली नाही.

मग शिकवणी सुरू झाली. "प्रोसेसरला एकदम तहान लागते. लांबच्या नळाला पाणी येईस्तोवर तो थांबत नाही. म्हणून कपॅसिटर त्याच्या पायाशीच. हे आपलं मोरीतलं पिंप. पिंप गॅलरीत ठेवून भागेल का?"

"नाही."

"मेमरीच्या वाटा सारख्या लांबीच्या हव्यात. पाडव्याच्या शोभायात्रेत लेझीम वळतं तेव्हा आतल्या रांगेतली पोरं काय करतात? पावलं आखडतात. इथे आतली वाट मुद्दाम नागमोडी काढायची. सगळे एका ठोक्याला पोचले पाहिजेत. आणि दोन वाटांमध्ये निदान पाच मिलची जागा मोकळी सोडायची."

माझ्या हातात पैसे द्यायला नकोत म्हणून बाबा सोबत आले होते. 1982चा संप पाहिलेले गिरणी कामगार. इतका वेळ गप्प होते, ते ताठ बसले.

"पाच मिलची जागा? आणि तुम्ही ती नुसती मोकळी सोडणार?"

काकांचं मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, हे बाबांना समजवण्यात दुसरा चहा संपला. बाबांना ते पटलं की नाही, सांगता येत नाही. उठताना त्यांनी "त्यावर टॉवर तर येणार नाही ना?" एवढं विचारून घेतलं.

शेवटी काकांनी निकाल दिला. "2014पासून रास्पबेरी पायचं नुसतं मॉड्यूल मिळतं. प्रोसेसर, मेमरी, अवघड संसार त्यांनी मांडून दिलाय. तू फक्त ओसरी बांध. दोन थरांत होईल."

"मग आपला स्वतःचा कॉम्प्युटर?"

"एका नगासाठी? अरे, मोदक पाहिजे म्हणून कुणी भाताचं शेत घेतं का?"

ओसरी काकांनी आठवड्यात काढली. रात्री बारा वाजता फोन: "तुझा स्पीकरचा सॉकेट आठ मिल डावीकडे घेऊ का?" घ्या म्हटलं. पुन्हा साडेबाराला: "नको, होता तिथेच बरा होता."

फाइल चीनमधल्या कारखान्यात गेली. तिसऱ्या दिवशी तिथल्या इंजिनिअरची शंका आली. बोर्डाच्या कोपऱ्यात तांब्याचा एक वेडावाकडा आकार आहे, तो कशालाच जोडलेला नाही. चुकून राहिला असेल तर काढून टाकू का?

तो काकांनी घातलेला 'श्री' होता. काकांनी तो ग्राउंडला जोडला आणि फाइल परत पाठवली.