खर्ज लावायचाय? बदलापूरकरांसाठी पहिले धडे

आधी आवाज खरंच खालचा आहे की सर्दीने बसलाय, ते ठरवा. पावसाळ्यात ठरवू नका. चाचणी सोपी आहे: तुम्ही ‘हॅलो’ म्हणता, पलीकडून ‘काका, बंटी आहे का?’ येतं आणि बंटी तुम्हीच असता. अभिनंदन.

आता पेटी उघडा. काळी एक, म्हणजे पुरुषांचा नेहमीचा सा. त्याच्या खालचा, मंद्रातला सा लावून बघा. लागला? मोत्सार्टच्या १७८२ च्या ऑपेरात ऑस्मिन नावाचा पाशाचा रखवालदार आहे. त्याच्या सगळ्यात खालच्या सुराच्याही तुम्ही एक पट्टी खाली उतरलात. हुरळू नका. तो माइक नसताना वाद्यवृंदाच्या वरून ऐकवतो. तुमचा सूर घरच्या पंख्यात बुडतो.

रियाज पहाटे. दार लावून काही उपयोग नाही. खर्ज भिंतीतून जातो. टाकीचा पंप चालू राहिला समजून वॉचमन वर येईल, त्याला चहा द्या. उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्याशेजारी खोली असेल तर तानपुऱ्याचे पैसे वाचले, मशिनी दिवसभर सूर धरून असतात. श्वास कुठून घ्यायचा ते अंबरनाथच्या शिवमंदिरात कळेल. शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा शिलालेख तिथे आहे, पण तुमच्या कामाचा आहे तो गाभारा. तो जमिनीच्या खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. श्वासही असाच खाली, पोटापर्यंत उतरवायचा. तिथे गाऊ मात्र नका, मागे रांग असते.

संधी? लोकलमधलं भजनी मंडळ. बुवा अशा पट्टीत उचलतात की विठ्ठलवाडी यायच्या आत तुमचा गळा उतरतो. ‘आवाज भारी आहे हो, टाळ धरता का?’ हा नकार आहे. टाळ धरा, बसायला जागा मिळते.

नाटकातही फारसं वेगळं नाही. ऑपेरात खर्जवाल्याला राजा, पुरोहित, सैतान किंवा नायिकेचा बाप करतात. नायिका बहुतेकदा वरच्या आवाजाबरोबर जाते. ऑस्मिनच्या पहाऱ्यातून पोरी पळवायचाच तर बेत असतो. बरोबर शंभर वर्षांनी, १८८२ मध्ये किर्लोस्करांनी ‘सौभद्र’ आणलं, तिथेही पळवापळवीच. पण माइक नव्हते, शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला चढा, टिपेचा आवाज लागे. भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा त्यावरच गाजली. संगीत नाटकाने खर्जाला घरच दिलं नाही, असं माझं मत आहे. तुम्हाला सोसायटीच्या गणपतीत यमधर्म मिळेल. घ्या.

घर हवं असेल तर ध्रुपदाकडे जा. उदय भवाळकर ऐका. उज्जैनचे, पुण्यात राहतात, झिया फरीदुद्दीन डागरांचे शिष्य. आलाप मंद्रात शिरतो आणि तिथून हलायची त्याला घाई नसते. डागरांचं गुरुकुल पनवेलजवळ पळस्प्याला होतं, म्हणजे तुमच्यापासून फार लांबही नव्हतं. पण या घराण्यात नुसता सा लावण्यातच महिने जातात, हे घरी आधी सांगून ठेवा.

आणि लग्नाआधी नाव होईल, ही आशा सोडा. ऑपेरातही हा आवाज पिकायला पस्तिशी-चाळिशी उजाडते. तोवर फोनवरचं ‘काका’ खरं झालेलं असतं.