पेडण्याला चार मीटर

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याने कौल दिला, महाराष्ट्रात जायचं नाही. फरक ३४,०२१ मतांचा. आमच्या पेडणे तालुक्याचं मत विलीनीकरणाच्या फुलाला होतं, गोव्याने वेगळेपणाची दोन पानं निवडली, विषय संपला. निदान आमची तशी समजूत होती. टीव्हीच्या टीआरपीचा हिशेब ठेवणाऱ्या ‘बार्क’ नावाच्या संस्थेने तो विषय एका तिरक्या रेघेत निकाली काढला. तिच्या दर आठवड्याच्या कोष्टकात मराठी वाहिन्यांचा बाजार एकच : ‘महाराष्ट्र / गोवा’. सभा नाही, मोर्चा नाही, विलीनीकरणवाले भाऊसाहेब बांदोडकर नाहीत की विरोधातले जॅक सिक्वेरा नाहीत. विलीनीकरण झालं आणि कोणी चकार शब्द काढला नाही, कारण त्या वेळी सगळे मालिका बघत होते.

आता या विलीन झालेल्या पेडण्याच्या पदरात काय पडलं ते बघू. आकडे केंद्र सरकारनेच २०२५ च्या जुलैत दिलेले आहेत. देशात टीव्ही असलेली घरं सुमारे २३ कोटी आणि कोण काय बघतो हे टिपणारे मीटर सुमारे ५८ हजार. भागाकार केला की जवळजवळ चार हजार घरांमागे एक मीटर. पेडणे तालुक्याची वस्ती २०११ च्या जनगणनेत पाऊण लाखाची. घरटी चार-सव्वाचार माणसं धरली तर घरं सतरा-अठरा हजार. म्हणजे तेरेखोलपासून इब्रामपूरपर्यंत आणि मोरजीच्या वाळूपासून मोपाच्या पठारापर्यंत मिळून चार मीटर. तेसुद्धा कागदावर, सरासरीच्या कृपेने. मीटर काही रेशनच्या तांदळासारखे सारखे वाटले जात नाहीत. इलेक्ट्रॉनिक सिटीसाठी ज्याचं नाव दिल्लीच्या फायलींत पोचलं त्या आमच्या तुये गावात एखादा मीटर असेलही, नसेलही. असलाच तर तो कोणाकडे आहे हे सांगायचं नसतं. सगळा धंदाच गुप्ततेवर उभा.

तुयेत मीटर म्हटलं की आधी वीजखात्याचा आठवतो. हा तसला नव्हे, याला बिल येत नाही. वाहिनीच्या आवाजात एक खूण मिसळलेली असते, माणसाच्या कानाला न कळणारी. ती हा मीटर ऐकतो आणि कोणती वाहिनी लागली आहे ते ओळखतो. पण समोर कोण बसलंय ते त्याला कळत नाही. त्यासाठी घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर एकेक बटण नेमून दिलेलं असतं. बसलात की आपलं बटण दाबायचं, उठलात की पुन्हा दाबायचं. आता कल्पना करा. वैनी विळीवर बांगडे साफ करते आहे, एक डोळा बांगड्यावर, एक डोळा टीव्हीवर. सून पोळ्या लाटता लाटता दारातून डोकावते. सासऱ्यांना बातम्या हव्या आहेत, ते रुसून व्हरांड्यात गेलेत, पण त्यांचं बटण तसंच दाबलेलं. या क्षणी ही मालिका नक्की कोण बघतंय याचं उत्तर देवाला देता यायचं नाही, मीटर मात्र देतो. पुन्हा हिशेब मिनिटांचा. अर्ध्या तासाच्या भागातली पंधरा मिनिटं बघितलीत तर तुम्ही धरले जाता अर्धेच. बांगडे जास्त असले की वैनी अर्धी होते.

ही अर्धी वैनी पुढे काही हजारांनी गुणली जाते आणि गुरुवारी आकडा बाहेर पडतो. मालिकेच्या सेटवर शनिवार-रविवारपेक्षा गुरुवारचा धसका मोठा. आकडा चढला तर नायिकेचं लग्न चार आठवडे चालतं. उतरला तर तिची स्मृती जाते.

आणि फारच उतरला तर बदली होते. पेडण्याच्या मास्तराला काणकोणला पाठवतात ना, तशी. ‘आई कुठे काय करते’ ही २०१९ च्या डिसेंबरात सुरू झालेली मालिका संध्याकाळी साडेसातला लागायची. ‘स्टार प्रवाह’ पहिल्या नंबरावर पोचली त्यात या मालिकेच्या नायिकेचा, अरुंधतीचा, वाटा मोठा. २०२४ च्या मार्चमध्ये साडेसातला नवी मालिका आली आणि अरुंधतीची रवानगी दुपारी अडीचला झाली. त्याच नोव्हेंबरात तिने निरोप घेतला. एवढी वर्षं घरासाठी राबलेल्या बाईला घराने दुपारच्या खोलीत हलवायचं, हे कथानक मालिकेच्या लेखकाला सुचलं असतं तर ते अतिरंजित म्हणून कापलं गेलं असतं. वाहिनीने ते फुकट करून दाखवलं.

साडेसात, आठ, साडेआठ ही वाहिन्यांची राखीव कुरणं. २०२२ च्या डिसेंबरात ‘ठरलं तर मग’ साडेआठला आली आणि महाराष्ट्र-तिरकी-रेघ-गोव्यात पहिल्या नंबरावर जाऊन बसली. समोरच्या वाहिनीने काय करायचं? ‘झी मराठी’ने २०२४ च्या डिसेंबरात ‘लक्ष्मी निवास’ आणली ती एका तासाची, आठ ते नऊ. म्हणजे साडेआठला कुंपण ओलांडायला फटच ठेवायची नाही. बुद्धिबळ म्हणा हवं तर, पण प्यादी आमच्या घरची. आमच्याकडे तेवढ्यात भात उतरवायचा असतो. पूर्वी दिवेलागणीनंतर कोणाच्याही अंगणात हाक मारत जाता यायचं. आता आठ ते साडेनऊ या वेळात गेलात तर दार उघडतं, पण बसा म्हणत नाहीत. चवथीच्या आधी बायकांची फुगडीची तालीम ठेवायची तरी वेळ विचारून ठेवावी लागते. रविवारी ठरवायला जावं तर उत्तर येतं, “आयज महाएपिसोड आसा.” विषय तिथेच मिटतो. पंचायतीने रस्ता अडवला तर आम्ही भांडतो. आमची संध्याकाळ मुंबईतल्या एका खोलीत बसून अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांनी कोणी वाटून घेतली, तर आम्ही जेवणाची वेळ बदलतो.

बरं, एवढं करून मोजलं तरी जातं का? इथे खरी मजा आहे. बार्कचे आकडे २०१५ च्या एप्रिलपासून सुरू झाले आणि गावांतले आकडे त्याच वर्षी ऑक्टोबरात आले. त्याआधी टॅम नावाची व्यवस्था होती, तिचे मीटर शहरांत. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका ‘ई टीव्ही मराठी’वर २००१ पासून २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांवर भाग झाले. त्या काळात तुयेतल्या सासवांनी आणि सुनांनी, दोन्ही बाजूंनी, जे काही तास घातले ते हिशेबात शून्य. मालिका सुरू झाली तेव्हा सून म्हणून बघायला बसलेली बाई मालिका संपेपर्यंत सासू झाली, आणि कागदोपत्री तिने टीव्ही बघितलाच नव्हता. जाहिरातीतला साबण मात्र विकत घेतला. दुकानदाराच्या वहीत तिची नोंद आहे.

आमच्या बोलीला कोणती वेळ मिळाली तेही सांगून टाकतो. २०१६ च्या फेब्रुवारीत ‘रात्रीस खेळ चाले’ ही भुताखेतांची मालिका आली. चित्रीकरण कुडाळ तालुक्यातल्या आकेरीत, म्हणजे पत्रादेवीची सरहद्द ओलांडली की हाकेवर. पात्रांच्या तोंडी मालवणी. पेडण्याला वाटलं, अरे, हे तर आपल्या घरातलं भांडण! गोव्यातून लोक गाड्या करून तो वाडा बघायला गेले. सिंधुदुर्गात काहींनी अंधश्रद्धा पसरते म्हणून विरोध केला, त्यानेही जाहिरातच झाली. पुढे २०१९ च्या दुसऱ्या पर्वात अण्णा नाईक आणि शेवंता या पात्रांनी धुमाकूळ घातला, मग तिसरं पर्वही झालं. एवढं सगळं करणाऱ्या मालिकेची वेळ काय होती? रात्री साडेदहा. आठ वाजता ड्रॉइंगरूम, मंगळसूत्र आणि पुणेरी शुद्धलेखन. आमची भाषा बोलायला भूत लागतं आणि रात्रीचे साडेदहा वाजावे लागतात. तरीही आकडे आले, हे विशेष. वाहिनीने त्यातून धडा काय घेतला? भुतं चालतात.

२०२१ मध्ये तर टीव्ही स्वतःच गोव्यात आला होता. एप्रिलमध्ये महाराष्ट्रात कोरोनामुळे चित्रीकरण बंद झालं आणि मराठी मालिकांची युनिटं सामानसुमानासकट इकडे उतरली. इथेही रुग्ण वाढत होते, मडगावच्या रवींद्र भवनात चाललेल्या चित्रीकरणावरून राजकीय गोंधळ झाला आणि मे महिन्यात गोव्याने परवानग्या मागे घेतल्या. मंडळी पुन्हा पेट्या बांधून निघाली. बाजार म्हणून एकत्र, संकट आलं की सरहद्द. त्या तिरक्या रेघेचा उपयोग अशा वेळी कळतो.

टीव्हीच्या या मोजणीपेक्षा दशावतारी नाटकाचं गणित मला जास्त पटतं. तिथे मीटर मंडपातच बसलेला असतो. लिहिलेली संहिता नाही, एक बाकडं हेच सिंहासन, पायपेटी, मृदंग आणि झांज. राजाचं भाषण लांबलं की मागच्या रांगा उठून खाज्याच्या दुकानाकडे सरकू लागतात. ते राजाला बाकड्यावरून दिसतं, आणि तो तिथल्या तिथे राक्षसाला आत बोलावतो. गुरुवारची वाट बघायला लागत नाही. वाहिन्यांना ‘महासंगम’ हा आपला शोध वाटतो. दोन मालिकांतली माणसं एका लग्नात जमवायची आणि दोघांचा प्रेक्षक एकत्र ओढायचा. आमच्याकडे वेगवेगळ्या मंडळांतले नावाजलेले नट एका रात्रीपुरते एकत्र आणून ‘संयुक्त दशावतार’ लागतो, बॅनरवर ‘ट्रिकसीनयुक्त’ असंही लिहितात. फरक एवढाच की इथे नट पडला तर पहाटेपर्यंत तोंड लपवायला जागा नसते.

तुयेची सगळ्यात लांबलेली मालिका अर्थात टीव्हीवर नाही. नव्या हॉस्पिटलची. इमारत उभी राहिली, सुरू करा म्हणून लोक रस्त्यावर आले, निवडणूक आली की नवा प्रोमो. टीआरपी चांगला असावा, नाहीतर इतकी ताणली नसती.

मीटरवाल्या घरांची गुप्तता किती नाजूक असते हे २०२० च्या ऑक्टोबरात सगळ्या देशाने पाहिलं. ठरावीक वाहिनी लावून ठेवण्यासाठी अशा घरांना महिन्याला चार-पाचशे रुपये दिले जातात, असा आरोप मुंबई पोलिसांनी केला. बार्कने वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे थांबवले, ते २०२२ च्या मार्चपर्यंत आलेच नाहीत. २०२४ मध्ये न्यायालयाच्या परवानगीने सरकारने खटलाही मागे घेतला. त्यामुळे त्यात खरं किती ते राहू द्या, मला नवल वाटलं ते रकमेचं. महिनाभर नावडती वाहिनी लावून ठेवायचे चारशे रुपये! मताचा भाव ऐकून असलेल्या पेडणेकराला हा आरोप ऐकून आधी हसूच येईल.

माणसाला पैसे देण्याऐवजी पेटीलाच पटवायची दुसरी युक्ती आहे, तिला लँडिंग पेज म्हणतात. सेट टॉप बॉक्स सुरू केला की आपोआप जी वाहिनी लागते ती जागा वाहिन्या विकत घेतात. तुम्ही रिमोट शोधेपर्यंत, म्हणजे तो उशीखालून निघेपर्यंत, तुम्ही तिचे प्रेक्षक. प्रसारणाचं नियमन करणाऱ्या ट्रायने २०१८ मध्ये यावर बंदी घालून पाहिली, दूरसंचार लवादाने २०१९ मध्ये ती उठवली. मोजणी अशी असते, आणि या मोजणीवर दहा सेकंदांच्या जाहिरातीचा भाव ठरतो.

२०२५ च्या अखेरीस केंद्राच्या माहिती आणि प्रसारण खात्याने या मोजणीच्या नियमांचा नवा मसुदा काढला. लँडिंग पेजवर मिळालेले डोळे धरायचे नाहीत आणि मीटर आधी ८० हजार, पुढे १ लाख २० हजारांपर्यंत वाढवायचे. आमच्या भागाकाराने पेडण्याच्या वाट्याला आधी सहा येतात, मग नऊ. त्यातला एक तुयेत पडला असं धरून चालू. गाडी येणार, दोन माणसं उतरणार, पेटी घेऊन एका घरात शिरणार, तासाभराने हात हलवत बाहेर पडणार. शेजारणीला सांगायचं, सेट टॉप बॉक्स बिघडला होता. शेजारीण मान डोलावणार. दुसऱ्या दिवशी सकाळी पदेर पावाचा भोंपू वाजवत येईपर्यंत चार वाड्यांवर खबर पोचलेली असेल. संध्याकाळी त्या घरच्या माणसाला दुकानावर गाठून कोणीतरी हळूच विचारेल, आमच्या पोराचं नाटक केबलवर लावतायत, तेवढं दोन तास लावून ठेवशील का?