शितावरून भात

मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीतले नाना कुठल्याही अल्बमची दीड गाणी ऐकतात. दुसरं अर्ध्यावर सुटतं, कारण तोवर मत तयार झालेलं असतं आणि ते खाली बाकावर पोचवायची घाई असते.

मार्च २०२४ च्या अखेरीस बियॉन्सेचा 'काउबॉय कार्टर' हा कंट्री वळणाचा अल्बम आला. पुतणीने हौसेने नानांच्या एका कानात इअरफोन खुपसला. दुसऱ्या कानाने ते कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. संध्याकाळी बाकावर निकाल लागला. "आवाज बरा आहे हो बाईचा. पण मातीचा वास नाही."

मातीच्या वासाबाबत नाना फार काटेकोर. जन्म मुलुंडचा, कोकणात जाणं गणपतीपुरतं, तिथेही निम्मा वेळ सड्यावर फोन उंच धरून रेंज शोधण्यात जातो. लावणी ऐकली ती कालिदास नाट्यमंदिरात, एसीच्या झोताखाली मफलर गुंडाळून. पण लोकसंगीत म्हटलं की त्यांच्यातला पाटील जागा होतो.

"काका, अहो ती टेक्सासचीच आहे. ह्यूस्टनची."

"ह्यूस्टन? तिथून तर रॉकेटवाल्यांशी बोलतात. म्हणजे शहरच की! तिला गायीगुरांतलं काय कळणार?"

खरा आक्षेप बेंजोवर होता. अल्बममधल्या 'टेक्सास होल्डेम' गाण्याच्या सुरुवातीला रियानन गिडन्स हिचा बेंजो वाजतो. नानांना तो मुळीच मान्य नाही. बेंजो म्हणजे विसर्जनाच्या मिरवणुकीत टेम्पोवर वाजतो तो, आपला, बटणांचा! ही तार छेडण्याची भानगड त्यांनी उपरी ठरवली. पुतणी कॉलेजात शिकते आणि फोन हातातच असतो. अमेरिकन बेंजोचं मूळ गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकन माणसांच्या वाद्यांत आहे, तेव्हा बियॉन्सेचा त्यावर हक्क जुनाच, असं तिने वाचून दाखवलं. आणि आपला बटणांचा बेंजो, म्हणजे बुलबुल तरंग, हा मूळचा जपानी. नागोयात १९१२ साली निघालेल्या ताइशोगोतोचा वंशज.

नाना क्षणभर थबकले. "जपानी माल टिकाऊच असतो," म्हणाले.

'सैराट' मात्र त्यांच्या लेखी शंभर टक्के गावरान. अजय-अतुलनी त्यातला सिम्फनीचा भाग हॉलिवूडच्या स्टुडिओत तिथल्या वादकांकडून वाजवून घेतला, हे मीच मुद्दाम काढलं. "वादक असतील तिकडचे, चाल आपली आहे ना?" उत्तर वाईट नव्हतं. हाच न्याय त्या टेक्सासच्या बाईला लावायला त्यांची हरकत का, हे मात्र विचारायचं नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, या धंद्यात मागचं वाक्य पुढच्याला बांधील नसतं.

नाना एकटे आहेत असंही नाही. नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक असोसिएशनने त्या वर्षीच्या पुरस्कारांत या अल्बमला एकही नामांकन दिलं नाही. तिथेही एखादा बाक असणार.

फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच अल्बमला ग्रॅमी मिळालं, सर्वोत्तम अल्बमचं आणि कंट्री अल्बमचंही. बातमी घेऊन मी जरा खुशीतच बाकापाशी गेलो. नानांनी शांतपणे चष्मा पुसला.

"किती गाणी आहेत म्हणालात त्यात?"

"सत्तावीस."

"मग? परीक्षकांनी सगळी ऐकली असतील असं वाटतं तुम्हाला?"