पाच फूट चार सूत

अहो, ऐकलंत का? म्हणजे कानावर आलंच असेल, सगळ्या सोसायटीत तेच चाललंय. पण तुम्हाला कळलंय ते अर्धवट. मी तिथे होते ना, समक्ष! वाटी घेऊन गेले होते साखर मागायला. साखर घरात होती हो, पण दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचं किचन बघायला जायचं तर काही निमित्त नको?

तर ते मॉड्युलर किचन. ती इंटिरिअरवाली मुलगी आली होती, भुवया कोरलेल्या, हातात लाल रेघ मारणारा तो लेझर. तिने भिंतीवर रेघ मारली आणि म्हणाली, "एव्हरीथिंग इज परफेक्ट, आंटी." आपले सुतारआप्पा मागे उभे, पेन्सिल कानावर. त्यांना खरं तर माळ्याचं दार बसवायला बोलावलेलं, किचनशी त्यांचा संबंधच नाही. पण आप्पा गप्प बसतील तर! म्हणाले, "पोरी, ते यंत्र रेघ सरळ मारतं. भिंत सरळ आहे का, ते विचारलंस?"

मग काय केलं माहितीये? कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फुटांवर खूण केली. दुसऱ्या भिंतीवर चार फुटांवर. आणि दोन खुणांमध्ये तिरका टेप धरला. कोपरा काटकोनात असेल तर बरोबर पाच फूट यायला हवेत, आपल्याला शाळेत शिकवलेलं तेच पायथागोरसचं. आप्पांनी पायथागोरसचं नाव ऐकलंय की नाही कोण जाणे, पण तीन-चार-पाच त्यांना वडिलांनी शिकवलं, म्हणे, वयाच्या बाराव्या वर्षी. तर टेप किती दाखवतो? पाच फूट आणि वर चार सूत! आठ सुतांचा एक इंच, म्हणजे अर्धा इंच जास्त.

मी आपली मधेच, "अहो आप्पा, अर्ध्या इंचाने काय होतंय?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की वाटी लपवावीशी वाटली. "ताई, हा अर्धा इंच इथं, तीन-चार फुटांत. ओटा आठ फुटांचा. पार टोकाला दीड इंचाच्या वर फट पडंल. झुरळांना हायवे!"

त्या मुलीचा चेहरा... काय सांगू! तिने भिंतींची लांबी घेतली होती, उंची घेतली होती, सॉकेट कुठे तेसुद्धा घेतलं होतं. कोपरा मात्र काटकोनातच असणार, असं गृहीत धरलेलं. आपली बिल्डिंग कधीची, बिल्डर कोण, हे तिला काय माहीत. तिकडे फॅक्टरीत माल कापून तयार. वहिनींनी भाऊजींकडे बघितलं, भाऊजींनी फोनमध्ये. ॲडव्हान्स त्यांनीच भरला होता ना, घाई करून, स्कीम संपतेय म्हणून.

हां, तर काय सांगत होते... प्लाय! सिंकखालचा खोका तेवढा जागेवर बनवायचा होता, त्याचे प्लाय पॅसेजमध्ये उभे होते. बिलावर मोठ्या अक्षरांत 'मरीन'. आप्पांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, एक शीट उलटवलं. शिक्का आयएस ३०३ चा! म्हणजे साध्या वापराचा. मरीनचा असतो ७१०. ३०३ वाईट असतो असं नाही हो, बेडरूमच्या कपाटाला चालतो की. पण सिंकखाली, जिथे रोज ओल, तिथे नको. "बिल वाचू नका, शीट वाचा. आणि एक नाही, सगळी," असं म्हणाले. वहिनींनी लगेच फोटो काढून ठेवला. हुशार आहेत त्या, फक्त उशिरा.

आता भिंतीचं ऐका. वहिनींना ओपन किचन हवंय, म्हणजे हॉल आणि किचनमधली भिंत काढायची. भाऊजींनी आप्पांना विचारलं, "तुमच्या ओळखीत कोणी पाडणारा आहे का?" आप्पांनी भिंतीवर बोटाच्या पेरांनी दोनदा ठक् ठक् केलं. नऊ इंची वीट. आपल्या जुन्या विंगेला कॉलम नाहीतच ना, सगळा भार भिंतींवरच. म्हणाले, "साहेब, रंग द्या, गिलावा करा, फरशी बदला, तिथं म्हापालिका काही विचारत नाही. ही भिंत पाडायची तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र आणा, म्हापालिकेची परवानगी आणा, सोसायटीचं लेखी आणा. नाहीतर मी दारसुद्धा बसवणार नाही." भाऊजी तापले. "आमच्या घरातली आमची भिंत!" आप्पा शांतपणे वर छताकडे बघत, "वर दोन बिऱ्हाडं झोपतात हिच्यावर. त्यांना विचारलंत?"

आता यात मी कोणाच्या बाजूने? खरं सांगू, आप्पांच्या. एरवी ते नियमांना शिव्या घालतात, वनखात्याच्या पासापासून म्हापालिकेच्या खिडकीपर्यंत सगळ्यांना. वाड्यातलं जुनं सागाचं तुळईचं लाकूड आणलं तरी लोक पावती विचारतात, म्हणून चिडतात. पण भार पेलणाऱ्या भिंतीबद्दल त्यांनी आजवर कोणाचं ऐकलं नाही. आणि भाऊजींचं वागणं तुम्हाला माहीतच आहे.

लाकडावरून आठवलं. ती मुलगी म्हणाली, "आम्ही इम्पोर्टेड टीक वापरतो." आप्पा म्हणाले, "अयोध्येच्या मंदिराच्या दारांना लाकूड कुठून गेलं? आपल्या चंद्रपूरहून. २०२३ मध्ये मिरवणूक काढून पाठवलं." टीव्हीवर आपण बघितलंच होतं की. तिला माहीत नव्हतं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आप्पा अजून स्वतः लाकूड निवडून आणतात, रेषा बघून, वास घेऊन. सी विंगच्या काकू म्हणतात, पोरगी बघायला गेल्यासारखे निवडतात. मी नाही म्हटलं हो, काकूंनी म्हटलं.

आणि काकूंच्याच दाराचं कळलं का? श्रावणात फुगलं, उघडेना. आप्पांना फोन केला, तर म्हणाले, "दसऱ्यानंतर बोलवा. आता रंधा लावायचा नाही. कडेला मेणबत्ती घासा, तेवढ्याने भागेल." काकू कशाला ऐकतायत! नाक्यावरचा कोणी पोऱ्या आणला, त्याने रंधा मारून दार गुळगुळीत करून दिलं. आता मार्चमध्ये लाकूड वाळलं, आकसलं, आणि दाराखालून पाल आरामात आत येते. वरून काकू म्हणतात, लाकूडच वाईट. आप्पांनी तेव्हाच सांगितलं होतं की दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेला रंगच नव्हता, पाणी तिथूनच शिरतं. पेंटर समोरून हात मारतो, खाली वाकून कोण बघतंय!

आप्पांची पेटी बघितलीत कधी? बघाच. रंधा आडवा ठेवलेला, पातं जमिनीला टेकू नये म्हणून. पटाश्या तेलाच्या फडक्यात. खंडेनवमीला पेटीला हळद-कुंकू, झेंडूची माळ, त्या दिवशी हत्याराला हात नाही. वडिलांचा शिसवी रंधा अजून आहे त्यात. सरसाची गोष्ट सांगत होते, जनावरांच्या कातड्याचा डिंक असायचा तो, वडील चुलीवर पातेल्यात उकळायचे, वासाने आई घराबाहेर. मग १९५९ मध्ये फेव्हिकॉल निघालं आणि हळूहळू ते पातेलं गेलं. "एक चांगली गोष्ट झाली बघा नव्या जमान्यात." एकच, हं!

बॅटरीवरच्या ड्रिलला मात्र नावं ठेवतात. "घाईचं यंत्र." नातवाने आणलंय ते. तोच म्हणत होता, पीएम विश्वकर्मामध्ये नाव घाला, २०२३ पासून आहे ती योजना, अठरा धंद्यांत सुतार आहेत, हत्यारांसाठी पंधरा हजार मिळतात. आप्पा म्हणे, "पंधरा हजारांत माझ्या पेटीत काय घालणार तू?" पण तुम्हाला म्हणून सांगते, कोणाला बोलू नका. परवा माळ्याच्या वर स्क्रू मारायचे होते, हात पोचेना. मी दारातूनच बघितलं. इकडेतिकडे बघितलं, नातवाच्या पिशवीतून ड्रिल काढलं, घूं घूं घूं... आणि परत जागच्या जागी. स्क्रूला आधी साबण लावला हं, ती सवय सुटली नाही.

थांबा, मुख्य राहिलंच. सेक्रेटरी आले ना वर! आवाजाची तक्रार होती, म्हणे. काम दहा ते सहा, दुपारी दोन ते चार बंद, डेब्रिज जिन्यात नको, डिपॉझिट भरा... सगळं पाठ. भाऊजी मान डोलावतायत. आप्पा ऐकत होते, ऐकत होते, आणि मग अगदी आदराने, "साहेब, सगळं बरोबर. फक्त तुमच्या दारासमोरचं चपलांचं कपाट मोजलंय मी. जिना साडेतीन फूट. कपाट सव्वा फूट. उरले सव्वा दोन. काही पेटलं तर वरची माणसं धुरात कुठून उतरणार?"

अहो, शांतता! नोटीस बोर्डवर २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याचं नाव घालून सामाईक जागेत सामान ठेवू नका, असं यांनीच लिहिलंय, स्वतःच्या सहीने. सेक्रेटरीणबाई मागे जिन्यात उभ्या, हातात रिकामी पिशवी. त्या हसल्या की खोकल्या, ते कळलं नाही, पण मला तरी हसल्यासारखंच वाटलं. सेक्रेटरींचे कान लाल. म्हणाले, "तो विषय मीटिंगमध्ये घेऊ." मी पण लगे हात विचारून घेतलं, "स्ट्रक्चरल ऑडिट कधी झालं हो शेवटचं? तीस वर्षांच्या वरच्या बिल्डिंगला दर तीन वर्षांनी करायचं असतं ना?" त्यावर त्यांना एकदम फोन आला. वाजला नव्हता, पण आला.

तर मीटिंग रविवारी अकराला, टेरेसवर. तुम्ही येताय ना? लवकर या, पुढच्या रांगेतली खुर्ची धरून ठेवते. आप्पांनाही निरोप दिलाय, मोजमापासाठी टेप घेऊन या म्हणून.